डोंगरवाटेवरचे पाणी : गाळणे, उकळणे आणि अतिनील किरण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके पाण्याचे तालुके आहेत. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे कोसळतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडास येते, गांधारीला पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. तरीही चैत्र-वैशाखात डोंगरावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, आणि आषाढात दाराशी पूर उभा असताना घरात पिण्यायोग्य पाण्याची कळशी शोधावी लागते. पाणी असणे आणि पिण्याचे पाणी असणे यांतले हे अंतर येथल्या रहिवाशाला कोणी समजावून सांगावयास नको.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक नवे अंग फुटले आहे. समाजातील मुले-मुली आता डोंगर चढू लागली आहेत. रायगड तर घरचाच. पण लिंगाणा, मंगळगड, चंद्रगड, ढवळे गावाहून आर्थर सीटकडे जाणारी ती दमछाक करणारी चढण, वरंध घाट, शिवथरघळीचा धबधबा ही नावे त्यांच्या तोंडी असतात. पाठीवरच्या पिशवीत जाताना दोन लिटर पाणी मावते. दमट कोकणी हवेत चढणीवर ते तीन तासांत संपते. पुढे जे समोर येईल ते प्यावे लागते. कुठे खडकात खोदलेले टाके, कुठे झरा, कुठे ओढा. ज्या घरात तीन पिढ्यांत न गाळलेल्या पाण्याचा थेंब ओठांना लागला नाही, त्या घरातला मुलगा टाक्यातले हिरवट पाणी ओंजळीने पितो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तहान ही तहान असते. प्रश्न इतकाच की त्याच्या पिशवीत असे काय असावे, ज्याने त्याचे शरीरही सुरक्षित राहील आणि घरचा आचारही पूर्ण सुटणार नाही.

प्रथम धोका कोणता, ते पाहू. डोंगरावरचे पाणी 'नैसर्गिक' म्हणून शुद्ध, अशी एक गोड समजूत आहे. टाक्याच्या वरच्या अंगाला गुरे चरतात, माकडे बसतात, आणि सुटीच्या दिवशी शेकडो माणसे उघड्यावर बसतात. पहिल्या पावसात हे सारे धुऊन खाली येते. म्हणून ज्येष्ठ-आषाढातले पहिले पाणी सर्वांत वाईट. त्यातून अतिसार, पटकी, विषमज्वर, आमांश आणि कावीळ हे विकार होतात. यातली फसवी गोष्ट म्हणजे काळाचे अंतर. विषमज्वर पाणी पोटात गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी डोके वर काढतो. 'अ' प्रकारच्या काविळीला दोन ते सात आठवडे लागू शकतात. तोवर मुलगा पुण्या-मुंबईस कॉलेजात परतलेला असतो आणि दोष खाणावळीला दिला जातो. टाक्याची आठवणही कोणाला होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जीवाणू आढळला, आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. साधे पोट बिघडण्यापुरता हा विषय राहत नाही, तो असा.

आता गाळण्याकडे येऊ, कारण आपल्या घरांतली पहिली पायरी तीच आहे. दुहेरी जाड फडक्यातून पाणी गाळावे, फडक्यावर राहिलेले जीव त्याच पाण्याने हलकेच धुऊन जेथून पाणी घेतले त्याच पाणवठ्यात परत सोडावेत. याला जिवाणी म्हणतात. ही गोष्ट आजीच्या हातून प्रत्येकाने पाहिलेली असते. ती केवळ रूढी आहे असे मानणाऱ्यांसाठी एक दाखला पुरेसा आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागात खेड्यांतील स्त्रियांना जुन्या सुती साडीची चौपदरी घडी, म्हणजे प्रत्यक्षात आठ पदर, करून त्यातून पाणी गाळावयास सांगितले. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले होते. पटकीचा जंतू एका मायक्रॉनच्या आसपासचा, फडक्याची छिद्रे त्याच्या वीसपट मोठी. मग तो अडला कसा? तो पाण्यातल्या बारीक शेवंड्यासारख्या जीवांच्या अंगाला चिकटून राहतो. ते जीव फडक्यावर अडतात आणि त्यांच्याबरोबर जंतूंची मोठी फौजही अडते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या साडीचे धागे फुगून छिद्रे आक्रसतात, म्हणून नव्यापेक्षा जुने कापड बरे ठरले.

परंतु ४८ टक्के म्हणजे १०० नव्हेत. मोकळा सुटा जंतू फडक्यातून आरपार जातो. काविळीचा विषाणू तर जंतूहून कितीतरी पट लहान. (या ठिकाणी एक खुलासा करणे अवश्य आहे. आपल्या अनेक पुस्तिकांत कॅप्टन स्कोर्सबी यांच्या नावाने पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव असल्याचा आकडा छापलेला असतो. थेंब कुठल्या पाण्याचा, यावर आकडा बदलतो. गंगासागरच्या थेंबात एक, आडाच्या थेंबात दुसरा आणि पुराच्या थेंबात तिसराच. पाण्यात जीव आहेत हे सिद्ध करावयास एका ठरीव आकड्याची गरज नाही.)

दुसरी पायरी उकळण्याची. तीन उकळ्या आलेल्या पाण्यात जंतू, विषाणू, आमांशाचे परजीवी यांपैकी काहीही टिकत नाही. रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. तेथे पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळते, पण तेवढ्यानेही काम पूर्ण होते. विश्वसनीयतेत उकळण्याला आजही तोड नाही. अडचण आहे ती इंधनाची. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास सत्तर-बहात्तर किलोकॅलरी उष्णता निव्वळ पाण्यात जावी लागते. चुलीत वाया जाते ती निराळी. दहा जणांच्या गटाला दिवसाचे तीस लिटर धरले तर पाठीवर शेगडी वाहावी लागेल, नाहीतर जंगलातली लाकडे तोडावी लागतील. आषाढातल्या ओल्या लाकडाने चूल पेटवून पाहिलेल्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. आणि लाकूड जाळणे म्हणजे त्यातले किडे-वाळवी जाळणे, हेही श्रावकाच्या ध्यानात असते.

येथे तिसरी वाट येते. अतिनील किरण. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात यांस 'जंबुपार' असा सुंदर शब्द होता. जांभळ्या रंगाच्या पलीकडचे ते जंबुपार. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी १८७७ मध्ये दाखविले. १९१० मध्ये फ्रान्समधील मार्सेल येथे पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याने शहराचे पाणी निर्जंतुक करण्याचा पहिला प्रयोग झाला. भारतात ही विद्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात शिरली ती १९८४ च्या सुमारास, यूरेका फोर्ब्सच्या 'ॲक्वागार्ड'मुळे. महाडच्या बाजारपेठेतही कितीतरी घरांच्या ओट्यावर भिंतीला टांगलेली ती पेटी होती. त्या पेटीत जे घडते, तेच आता तळहाताएवढ्या साधनात घडते.

घडते ते असे. पाऱ्याच्या वाफेच्या कमी दाबाच्या दिव्यातून २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण निघतात. प्रत्येक जीवाच्या पेशीत डीएनएची जी साखळी असते, ती नेमके याच्या आसपासचे किरण शोषून घेते. साखळीतले शेजारचे दोन दुवे एकमेकांत अडकतात. अशा गाठी जागोजागी पडल्या की तो जंतू स्वतःची दुसरी प्रत काढू शकत नाही. आणि वाढू न शकणारा जंतू आतड्यात रोग उत्पन्न करू शकत नाही. पाणी तापत नाही, त्यात काही मिसळत नाही, चव-वास बदलत नाही. किती किरण लागतात ते 'मात्रे'वर अवलंबून असते, म्हणजे दिव्याची तीव्रता गुणिले वेळ. घरगुती साधनांच्या कठोर वर्गासाठी दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलिज्यूल ही मात्रा प्रमाण धरलेली आहे. पटकी, विषमज्वर यांचे जंतू त्याहून पुष्कळ कमी मात्रेत निष्प्रभ होतात. क्लोरीनला दाद न देणारा 'क्रिप्टोस्पोरिडियम' हा परजीवीही अल्प मात्रेत निकामी होतो. हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस ध्यानात आले आणि मग जगभरच्या जलशुद्धीकरण केंद्रांनी या दिव्यांकडे नव्याने पाहिले. अपवादही आहेत. ॲडिनोव्हायरस हा विषाणू एवढा चिवट की त्याला याच्या चौपटीहून अधिक मात्रा द्यावी लागते.

या विद्येत एका मराठी माणसाने घातलेली भर येथे सांगितली पाहिजे. मुंबईत जन्मलेले डॉ. अशोक गाडगीळ हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. पुढे अमेरिकेत बर्कलेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत संशोधक झाले. १९९२-९३ मध्ये भारत आणि बांगलादेशात पटकीच्या नव्या वाणाची साथ पसरली आणि हजारो माणसे दगावली. त्या बातम्यांनी अस्वस्थ होऊन त्यांनी खेड्याला परवडेल असे यंत्र रचले. त्याचे नाव 'यूव्ही वॉटरवर्क्स'. त्यातली खुबी साधी आहे. इतर यंत्रांत दिवा पाण्यात बुडालेला असे, त्यावर क्षारांचा थर बसे आणि किरण अडत. गाडगीळांनी दिवा पाण्याच्या वर हवेत टांगला आणि पाणी त्याखालून आपल्याच भाराने, पंपाशिवाय, पातळ थराने वाहू दिले. साध्या बल्बाइतक्या विजेवर मिनिटाला सुमारे पंधरा लिटर पाणी निर्जंतुक होऊ लागले. एका लहान गावाला ते पुरे. २०२३ मध्ये अमेरिकेचे 'नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी अँड इनोव्हेशन' त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मिळाले.

गावासाठीचे यंत्र असे. गिर्यारोहकासाठीचे त्याहून निराळे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात स्थापन झालेल्या हायड्रो-फोटॉन या लहानशा कंपनीने 'स्टेरिपेन' नावाची जाड पेनाएवढी वस्तू आणली. २०१६ मध्ये कॅटाडिन या स्विस कंपनीने ती विकत घेतली. टोकाला स्फटिक-काचेच्या नळीत बारीक दिवा. तो बाटलीतल्या पाण्यात बुडवावा, कळ दाबावी आणि ढवळत राहावे. अर्ध्या लिटरला पाऊण मिनिटाहून थोडा अधिक वेळ, लिटरला सुमारे दीड मिनिट. टोकाला पाणी लागल्याखेरीज दिवा पेटत नाही, कारण हे किरण उघड्या डोळ्यांना घातक आहेत. पाणी उकळण्याच्या ऊर्जेशी तुलना केली तर चकित व्हायला होते. दहा वॅटचा दिवा दीड मिनिट चालला असे धरले, तरी त्याला लागते उकळण्याच्या ऊर्जेच्या तीनशेव्या हिश्शाहून कमी. पुढच्या दशकात झाकणातच दिवा असलेल्या बाटल्या आल्या. त्यांत पाऱ्याचा दिवा नसून एलईडी असते, आणि तिचे किरण २६५ ते २८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात असतात. पाऱ्याची नळी डोंगरात फुटली तर पारा पाण्यात-मातीत जातो. एलईडीत ते भय नाही, हा तिचा मोठा गुण.

येथे तरुणांसाठी सावधगिरीची एक सूचना. बाजारात निळा-जांभळा उजेड देणाऱ्या स्वस्त विजेऱ्या 'यूव्ही' म्हणून विकल्या जातात. त्यांचा प्रकाश बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. त्याने नोट तपासता येते, विंचू शोधता येतो; पाणी शुद्ध होत नाही. जंतुनाशक किरण डोळ्याला दिसतच नाहीत. दिव्याबरोबर दिसणारी निळसर झाक ही सोबतीची. खोक्यावर तरंगलांबी लिहिलेली नसेल तर ती वस्तू पिशवीत ठेवू नये. त्याचप्रमाणे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीवर बाहेरून दिवा धरून काही होत नाही. साधी काच हे किरण अडवते. दिवा पाण्याच्या आतच असला पाहिजे.

वापरण्याची रीत सांगताना फडक्याकडे परत यावे लागते. हे किरण सरळ रेषेत जातात आणि मातीच्या कणाआड लपलेल्या जंतूपर्यंत पोहोचत नाहीत. गढूळ पाण्यात दिवा लावणे म्हणजे धुक्यात वाट पाहणे. म्हणून आधी पाणी आठपदरी फडक्यातून गाळावे. तरीही गढूळ राहिले तर तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवून अर्धा-एक तास निवळू द्यावे, वरचे नितळ पाणी अलगद काढून घ्यावे, आणि मगच दिवा. बाटलीच्या तळाशी ठेवलेल्या कागदावरची अक्षरे वरून स्वच्छ वाचता आली पाहिजेत, ही सोपी कसोटी. गाळलेले पाणी बाटलीत भरताना तोंडाच्या आट्यांवर कच्च्या पाण्याचे थेंब राहतात. दिवा तिथे पोहोचत नाही, आणि ओठ पहिल्यांदा तिथेच लागतात. आटे कोरड्या फडक्याने पुसावेत. ही चूक अनुभवी माणसेही करतात.

दुसरी मर्यादा काळाची. क्लोरीन पाण्यात काही वेळ शिल्लक राहते आणि पुढच्या दूषणापासून राखण करते. किरणांचे तसे नाही. दिवा विझला की राखण संपली. शिवाय गाठी पडलेल्या जंतूंपैकी काही जण सूर्यप्रकाश मिळाला तर गाठी सोडवून घेतात, असेही आढळले आहे. म्हणून असे पाणी पिशवीच्या आत अंधारात ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे. आपल्या परंपरेला ही कल्पना नवी नाही. उकळलेल्या पाण्यालाही काळाची मर्यादा घातलेली आहे. श्वेतांबर परंपरेत उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीन. दिगंबर परंपरेतही नुसते गाळलेले पाणी दोन घटका आणि उकळलेले आठ प्रहर, असा क्रम आहे. एकदा केलेली शुद्धी कायमची नसते, आणि दमट ऋतूत ती सर्वांत लवकर ढळते, हे निरीक्षण त्यामागे आहे.

तिसरी मर्यादा महाडकरांनी विशेष लक्षात ठेवावी. किरण जीवावर चालतात, रसायनावर चालत नाहीत. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाचे ओढ्या-नदीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यात दिवा बुडवून ते पिण्याजोगे होत नाही. तेथे गाळणे निरुपयोगी, उकळणे निरुपयोगी, दिवाही निरुपयोगी. असे पाणी टाळावे, याखेरीज उपाय नाही.

आता पुराचा विषय. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाव डोंगराखाली गेले, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथे माणसे गाडली गेली, आणि महाडची बाजारपेठ पाण्याखाली बुडाली. त्या दिवसांत वीज नव्हती, नळ नव्हते, आडांत चिखलाचे पाणी शिरले होते. डोंगरवाटेसाठी घेतलेले साधन अशा वेळी कामास येईल का, असा प्रश्न साहजिक आहे. प्रामाणिक उत्तर असे, की थोडेसेच. पुराचे पाणी माती, मैला, तेल आणि रसायने यांचे मिश्रण असते; ते दिव्याने शुद्ध करण्याच्या फंदात पडू नये. माळ्यावर साठवलेले किंवा पत्र्यावरून धरलेले पावसाचे नितळ पाणी असेल तर त्याला हे साधन उपयोगी पडते, बॅटरी भरलेली असेल तर. एका घराला ते पुरेल, आळीला नाही. आळीसाठी आरोग्य खात्याचे मेडिक्लोर आणि टीसीएल पावडर हीच खरी साधने, कारण ती हंड्याला, टाकीला, आडाला सारखीच लागू पडतात. आणि लेप्टोस्पायरोसिस पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. पिण्याचे पाणी कितीही शुद्ध असले तरी चिखलात अनवाणी फिरणाऱ्याला ते वाचवीत नाही.

'शुद्ध' हा शब्द महाडमध्ये उच्चारताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह याच गावातल्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. त्यानंतर तळे बाटले असे मानणाऱ्या मंडळींनी पंचगव्य मिसळलेल्या १०८ घागरींनी ते 'शुद्ध' करून घेतले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा सर्वांचा हक्क मान्य केला. आज जंतुशास्त्राच्या पुस्तकापुढे तो प्रसंग ठेवला तर काय दिसते? माणसांच्या ओंजळीने त्या पाण्याचे काही बिघडले नव्हते. शेण आणि गोमूत्र तळ्यात गेल्याने मात्र निश्चित बिघडले. पाणी तपासणारा आजचा तंत्रज्ञ शेणातलेच जंतू पाण्यात शोधतो. गडावरच्या टाक्यापाशी आपली मुले आणि वाडीवरची मुले एकत्र पाणी भरतात, तेव्हा फडके आणि दिवा कोणाच्या हातात आहे एवढाच प्रश्न उरतो. हात कोणाचा, हा नाही. आणि आणखी एक गोष्ट. गडावरचे टाके हे काही कुटुंबांचे बारमाही पिण्याचे पाणी आहे. त्यात पाय धुऊन मग स्वतःच्या बाटलीत दिवा लावणारा गिर्यारोहक स्वतःपुरता शहाणा म्हणावा लागेल.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. हे किरण जीवांचा घात करतात. मग अहिंसेचे काय? साधने विकणारे म्हणतात, 'जंतू मरत नाही, फक्त निष्क्रिय होतो.' हा शब्दांचा आडोसा झाला. ज्याची पुढची वाढ खुंटली तो जीव काही वेळाने संपतोच. श्रावकाने स्वतःची अशी समजूत घालून घेऊ नये. उकळण्यातही हिंसा आहे. अप्कायिक जीवांची तर आहेच, अग्निकायाचीही आहे. तरीही आचार्यांनी उकळलेले पाणी सांगितले, कारण कच्च्या पाण्यात क्षणोक्षणी जीव उपजतात आणि मरतात, ती परंपरा काही काळ थांबते, आणि पिणाऱ्याच्या मनात मर्यादा राहते. किरणांनी पाणी तापत नाही, त्याला उकळी येत नाही. म्हणून आयंबिल, एकासणे किंवा उपवासाच्या पच्चक्खाणात जे पाणी लागते, ते या साधनाने सिद्ध होत नाही. दिव्याचे पाणी ते उकळलेले पाणी नव्हे. ते अचित्त मानावे की नाही, याचा निर्णय गुरुभगवंतांनी द्यावयाचा आहे. व्यासपीठावरून तो देणे हा अविनय होईल. ज्यांचे व्रत नाही, जे डोंगरावर नाहीतर कच्चेच पाणी पिणार आहेत, त्यांच्यासाठी गाळून, जिवाणी परत सोडून मग दिवा लावणे हे नुसते कच्चे पिण्यापेक्षा सर्वच दृष्टींनी बरे, इतके मात्र निःसंकोच म्हणता येते.

काही ज्येष्ठांचा आक्षेप याहूनही मुळाशी जातो. साधू-साध्वी ज्या चार महिन्यांत विहार थांबवितात, नेमक्या त्याच चातुर्मासात मुले शेवाळ तुडवीत धबधब्यांकडे धावतात. मग पाण्याची चिकित्सा कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. कार्तिकानंतर डोंगर तितकेच सुंदर असतात, टाक्यांतले पाणी निवळलेले असते, वाटा निसरड्या नसतात, आणि दिवाही अधिक नीट चालतो. मार्गशीर्ष-पौषात चंद्रगडाच्या टाक्यातले पाणी आणि आषाढातले तेच पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तरुणांनी सहलींचे वेळापत्रक दिवाळीनंतर सरकवले, तर आजी आणि डॉक्टर दोघेही एकाच वेळी संतुष्ट होतील, असा योग विरळा.

पिशवी भरताना म्हणून पुढीलप्रमाणे करावे. गटात कोणाचे व्रत असेल त्याच्यासाठी पहाटे घरीच तीन उकळ्या आणून थंड केलेले पाणी वेगळ्या बाटलीत, झाकणाला पांढरा दोरा बांधून. बाकीच्यांसाठी एक साधन, पण त्याच्या भरवशावर सारा गट सोडू नये. बॅटरी दगा देते, दमट हवेत कळ अडकते. सोबत क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी आणि तुरटीचा खडा असावा. जुन्या सुती साडीची दोन फडकी, एक गाळण्याचे आणि एक आटे पुसण्याचे, ती एकमेकांत मिसळू न देता. टाक्याशी पोहोचल्यावर काठाशी फडके धुऊन पाणी इकडे-तिकडे फेकू नये. गाळून झाले की फडके उलटे धरावे, गाळलेल्याच पाण्याची बारीक धार वरून सोडावी, आणि जे काही फडक्यावर होते ते हात पाण्यालगत नेऊन, उंचावरून न टाकता, त्याच टाक्यात उतरवावे. त्यानंतर फडके पिळावे आणि पिशवीच्या बाहेर वाळत बांधावे.